कित्त्याची वरची ओळ

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

पहिलं पत्र

बाई, प्रभूमध्ये सलाम.

मी विक्रोळीला राहते. अंधेरीला एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्या मजल्यावर ख्रिस्ती मी एकटीच. आठ वर्षं झाली, सगळे मला मान देतात. नाताळात मी डबाभर करंज्या आणि केक नेते, कुणाच्या घरी आजारपण असलं तर विचारून प्रार्थना करते. टेबलावर बायबलच्या वचनांचं कॅलेंडर असतं. पाळकसाहेब नेहमी सांगतात, की तोंडाने बोलण्याआधी जगण्यातून साक्ष द्या, म्हणजे आपल्या वागण्यातून लोकांना प्रभू कळू द्या. मी तसाच प्रयत्न करत आले.

मार्च एन्डला रात्री नऊ वाजेपर्यंत बसलो होतो. साफसफाईच्या मावशींचा हात लागून पाण्याचा ग्लास माझ्या व्हाउचरच्या गठ्ठ्यावर सांडला. मी सगळ्यांसमोर ओरडले. 'अक्कल आहे का? तुमच्यासारख्यांना कामावर ठेवतंच कोण?' असं बोलून गेले. सगळे गप्प झाले. शेजारी बसणारा सहकारी हळूच म्हणाला, 'तू तर दर रविवारी चर्चला जातेस ना?'

बाई, आठ वर्षांत कमावलेली माझी साक्ष एका मिनिटात गेली. माझ्यामुळे प्रभूच्या नावाला कमीपणा आला. रात्री झोप लागत नाही. आता मी साक्ष द्यायला लायक उरले आहे का? ते कॅलेंडर काढून ठेवू का?

तुमची एक बहीण, विक्रोळी

उत्तर

अगं, सलाम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती, एकतीस वर्षं वह्या तपासल्याची सवय. 'साक्ष' या शब्दाखाली तीन रेघा पडल्या. मग मी मावशींचं नाव शोधायला लागले. ते सबंध पत्रात कुठे सापडलं नाही.

हे तुला लागेल, मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुला झोप का लागत नाही याचं उत्तर बहुतेक तिथेच आहे. तुझ्या मनात तुझं नाव आहे, मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव आहे, प्रभूचं नाव आहे. ज्या बाईला सगळ्यांसमोर 'तुमच्यासारख्यांना' असं ऐकावं लागलं, ती त्या रात्री कितीच्या लोकलने घरी गेली, घरी जाऊन जेवली का, हे तुझ्या मनात अजून यायचं आहे. ते आलं की पुढचं सोपं होईल. सोपं म्हणजे करायला नाही, कळायला.

तुला माझी एक गोष्ट सांगते. या पानावर कधी लिहिली नव्हती.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीला शिकवत होते. नॅशनल पार्कची सहल ठरली. चौतीस मुलांनी दहा-दहा रुपये आणून दिले. तीनशे चाळीस रुपये एका पाकिटात घालून मी टेबलाच्या खणात ठेवले, आणि मधल्या सुट्टीनंतर पाकीट दिसेना. सुट्टीत एक मुलगा वर्गात एकटाच होता, पाय मुरगळला म्हणून बसून राहिलेला. मी त्याला उभं केलं. दप्तर उलटं करायला लावलं. त्यात काही मिळालं नाही, तेव्हा मी म्हणाले, 'कुणाला दिलेस ते सांग, मी रागावणार नाही.' म्हणजे चोरी त्यानेच केली हे मी ठरवूनच टाकलं होतं. तो रडला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला. मुलं त्याच्याकडे बघत होती.

हे बुधवारी झालं. शुक्रवारी हजेरीपटाचं फाटलेलं कव्हर बदलायला घेतलं, तर तपकिरी कागद आणि पुठ्ठा यांच्या मध्ये पाकीट. मीच हजेरी घेताना सरकवलं असणार. मोजले, तीनशे चाळीस.

आणि मी काय केलं? शनिवारी अर्धा दिवस शाळा होती, मी गप्प बसले. 'पैसे सापडले, सहल नक्की' एवढंच मुलांना सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याने वाजवल्या नाहीत.

रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकरी वाटून घेण्याचा विधी. भायखळ्याच्या आमच्या मंडळीत मी तेव्हा संडे स्कूलही घ्यायची. भाकरीचं ताट बाकावरून पुढे येत होतं आणि मला मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं ते वचन आठवलं: वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मुलांकडून हे वचन मी किती वेळा पाठ करून घेतलं असेल! ताट माझ्यापर्यंत आलं, मी ते तसंच शेजारणीकडे दिलं. ती चमकून बघायला लागली.

उपासना संपल्यावर तशीच बाजारात गेले. त्या मुलाची आई भायखळ्याच्या भाजी मार्केटात कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची. समोर ओल्या गोणपाटावर ढीग, मांडीवर केळीच्या सोपटाच्या पट्ट्या. ती मूठ उचलायची, मुळं एका रेषेत आणायला गुडघ्यावर आपटायची, पट्टी गुंडाळायची, गाठ न मारता टोक आत खोचायची. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चूक माझी होती, पैसे माझ्याच हजेरीपटात होते, मला माफ करा. तिचे हात थांबले नाहीत. चार-पाच जुड्या बांधून झाल्यावर, वर न बघताच ती म्हणाली, 'बाई, पोरांच्या समोर बोललात ना? मग पोरांच्या समोरच सांगा. मला सांगून काय?'

मुख्याध्यापकांना मी आधी कल्पना दिली. ते म्हणाले, असं केलंत तर वर्गावर वचक राहणार नाही. सोमवारी पहिल्या तासाला मी सांगितलं. त्याला उभं करून नाही, त्याच्या बाकापाशी जाऊन, मी उभी राहून. काय शब्द वापरले ते आठवत नाही, घसा भरून आला होता एवढं आठवतं.

यानंतर तो मुलगा मला बिलगला, असं मी सांगू शकले असते तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. पाचवीला दुसऱ्या वर्गात जाईपर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याचा तो हक्क होता. पण इतर मुलं त्याच्याशी परत खेळायला लागली, मधल्या सुट्टीत त्याला संघात घ्यायला लागली. त्याचं जे हिरावलं होतं ते तेवढं तरी परत मिळालं.

म्हणून तुला सांगते, मावशींकडे जा. पँट्रीत गाठून कुजबुजत नको. जिथे बोललीस तिथेच, शक्य तर तेच सहकारी असताना. त्यांचं नाव आधी विचारून घे आणि नावाने हाक मार. 'मी ख्रिस्ती आहे, आम्हाला असं शिकवलेलं नाही' हे वाक्य मध्ये आणू नकोस. त्या वाक्यात परत तूच मोठी होतेस. 'त्या दिवशी मी तुम्हाला फार वाईट बोलले, चूक माझी होती, माफ करा,' एवढं पुरे. त्या 'जाऊ द्या मॅडम' म्हणतील. पोट हातावर असलेलं माणूस असंच म्हणतं, त्याला माफी समजून सुटले म्हणू नकोस. त्यानंतरचे महिने आहेत. टेबल पुसायला आल्या तर तू फायली उचलून धर, मार्च एन्डला त्यांनाही उशीर होतो हे साहेबांच्या कानावर घाल, उशिराच्या दिवशी त्यांना स्टेशनपर्यंत रिक्षा मिळेल असं बघ.

आता तुझा खरा प्रश्न, लायक आहे का नाही.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात एक शब्द आहे, 'कित्ता'. येशूचा प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो, तू तरुण आहेस म्हणून कुणी तुला कमी लेखू नये. बोलण्यात, वागण्यात, प्रीतीत, विश्वासात, शुद्धतेत तू विश्वास ठेवणाऱ्यांचा कित्ता हो. आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, की ख्रिस्ताने आपल्यासाठी कित्ता घालून दिला, त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून चाला. पेत्राने तिथे जो ग्रीक शब्द योजला, त्याचा मूळ अर्थ मुलांनी गिरवावं म्हणून आखून दिलेली अक्षरं असाच आहे. ज्यांनी आपल्या भाषेत तो 'कित्ता' केला, त्यांचं मला फार कौतुक वाटतं. जणू कुणी पंतोजीच भाषांतराला बसला होता.

कित्त्याच्या वह्या मी आयुष्यभर तपासल्या, त्यामुळे यातली एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. वहीत सर्वांत वर छापील ओळ असते. मूल पहिली ओळ लिहितं ती तिच्याकडे बघून. दुसरी ओळ लिहिताना त्याची नजर वर जात नाही. ते आपल्याच पहिल्या ओळीकडे बघून लिहितं. तिसरी, दुसरीकडे बघून. 'ळ'चं पोट प्रत्येक ओळीत थोडं थोडं सुटत जातं, आणि पान संपेपर्यंत तो ळ आहे की अजून काही, ते ओळखू येत नाही. मूल आळशी नसतं. त्याने मन लावून लिहिलेलं असतं, फक्त चुकीच्या ओळीकडे बघून. मी त्याच्या मागे उभी राहून पट्टी घ्यायची आणि त्याच्या लिहिलेल्या ओळी झाकायची. वरची तेवढी उघडी. मग अक्षर परत जागेवर यायचं.

तू आठ वर्षं स्वतःच्याच ओळीकडे बघून लिहीत आलीस, असं मला तुझ्या पत्रातून वाटलं. काल मी शांत होते, आजही शांत दिसलं पाहिजे. गेल्या वर्षी करंज्या नेल्या, यंदाही नेल्या पाहिजेत. वाईट काहीच नाही त्यात. पण वरची ओळ नजरेआड झाली. पेत्र ज्या ठिकाणी कित्त्याबद्दल बोलतो, त्याच्या मागेपुढे वाचून बघ. तो ते वाक्य घरकामाला असलेल्या चाकरांना, नोकरांना उद्देशून लिहितो आहे. त्यात कठोर धन्याच्या हाताखाली राबणारेही आहेत. अपमान होत असताना ख्रिस्ताने उलट अपमान केला नाही, हे तो त्यांना सांगतो. म्हणजे तुमच्या मजल्यावर त्या रात्री पेत्राचं पत्र कुणाला लिहिलेलं होतं? मावशींना. आणि उलट शब्द न बोलता पाणी पुसून घेण्याचं काम कुणी केलं? त्यांनीच. त्या कोणत्या धर्माच्या आहेत मला माहीत नाही. पण त्या मिनिटाला वरच्या ओळीच्या जवळ त्या होत्या, हे मला दिसतं आणि तुलाही दिसावं असं मनापासून वाटतं.

तुझ्या सहकाऱ्यालाही काहीतरी सांगायला हवं. त्याने टोमणा मारला असेल किंवा त्याला खरंच धक्का बसला असेल. माफी मागून झाल्यावर कधीतरी चहाला त्याला म्हण, 'तू बरोबर बोललास.' येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, की तुमचा प्रकाश लोकांसमोर असा पडू द्या, की तुमची सत्कर्मं बघून त्यांनी तुमच्या स्वर्गीय पित्याचा गौरव करावा. आणि त्याच प्रवचनात पुढच्याच अध्यायात सांगितलं, की लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका. तरुणपणी मला या दोन वाक्यांचा मेळ लागत नसे. आता एवढं कळतं, की दिवा दिवठणीवर ठेवतात तो घरातल्यांना आपापलं काम दिसावं म्हणून. दिवा लागला की कुणी त्याच्याकडे टक लावून बसत नाही.

कॅलेंडर काढू नकोस. मावशींना भेटून आल्यावर त्या दिवसाचं वचन वाच.

दुसरं पत्र

बाई, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुंबईतच हॉस्टेलला असते. आमच्या वॉर्डात एका आजींचं मोठं ऑपरेशन होतं. आदल्या रात्री त्यांनी माझा हात धरून विचारलं, 'पोरी, बाकीच्या चिडतात, तू कधी चिडत नाहीस, ते कसं गं?' मला प्रभूचं नाव घ्यायचं होतं, पण घाबरले आणि 'सवय झाली आजी' म्हणून निघून गेले. मंडळीतले एक भाऊ म्हणतात, पेशंटच्या उशाशी येशूविषयीची छापील पत्रिका ठेवत जा, हीच संधी असते. सिस्टर इन्चार्ज म्हणतात, वॉर्डात धर्माचं काही बोलायचं नाही. मी कुणाचं ऐकू?

एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर

बाळा, पत्रिकेच्या बाबतीत सिस्टरचं ऐक. मी हे भीतीपोटी सांगत नाही. खाटेवरच्या माणसाला उठून जाता येत नाही. त्याला सुई तूच टोचणार, बेडपॅन तूच देणार, रात्री बेल वाजवली तर तूच येणार. त्याने तुझी पत्रिका नको म्हणायची तरी कशी? ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला अर्थ उरत नाही. भाऊंच्या मनात प्रेम आहे, मला शंका नाही. पण ते कधी सलाईन लावून चार दिवस पडून राहिले नसावेत.

आजींचं मात्र वेगळं आहे. तिथे तू गेली नव्हतीस, त्या आल्या होत्या. बघणं आधी आणि विचारणं नंतर, हा क्रम तुला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात अगदी स्वच्छ दिसेल.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या संस्कृतच्या पंडिता होत्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'सरस्वती' म्हटलेलं. वादात त्यांना कुणी सहज हरवलं असतं असं नाही. तिथल्या वाँटेज गावच्या ज्या ख्रिस्ती संन्यासिनी भगिनींकडे त्या राहिल्या, त्यांनी रमाबाईंना लंडनजवळ फुलमला आपलं काम बघायला पाठवलं. तिथे समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या बायकांना ठेवून घेत होते. त्या भगिनी या बायकांशी ज्या मायेने वागत होत्या, ते रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. अशा स्त्रियांना कुणी जवळ करतं हे त्यांनी आपल्याकडे कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनीच विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवर आलेल्या, लोकांनी कमी लेखलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलला ती गोष्ट. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी आणि त्यांच्या लहानग्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. त्या भगिनींनी अध्याय आधी वाचला असता आणि काम नंतर दाखवलं असतं, तर? मला तरी वाटतं, त्या पंडितेने वाद घातला असता आणि जिंकलाही असता.

पुढची गोष्ट आपल्या मुंबईची. ११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी चौपाटीच्या बाजूला शारदा सदन उघडलं, विधवा मुलींसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. मुलींना ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही, त्यांचे आचार त्यांनी पाळावेत, असं ठरलेलं होतं आणि रमाबाईंनी ते मान्य केलं होतं. पण स्वतःची प्रार्थना त्या आपल्या खोलीत करत, आणि दार बंद करत नसत. काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. त्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं! १८९३ मध्ये सल्लागार मंडळातल्या मोठ्या माणसांनी राजीनामे दिले, पालक मुलींना घेऊन गेले. त्या पालकांना मी वाईट म्हणणार नाही. पोटची पोर दुसऱ्याच्या घरात ठेवताना माणूस धास्तावतोच. पण रमाबाईंनी काय केलं ते नीट बघ. मुलींना हाक मारली नाही, आणि आलेल्या मुलीला बाहेरही काढलं नाही.

तुझ्या वॉर्डात तुझं दार तेवढंच उघडं असू दे. कुणी विचारलं तर एका वाक्यात खरं सांग. 'आजी, मी रोज ड्यूटीला यायच्या आधी येशूपाशी तुमच्या सगळ्यांसाठी प्रार्थना करते, त्यातून बळ मिळतं.' झालं. यात सिस्टरचा नियम मोडत नाही. माणसाने विचारलेल्या साध्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला कुठलीच सिस्टर सांगणार नाही. आजी अजून वॉर्डात असतील तर त्यांच्याकडे जा आणि 'त्या दिवशी मी अर्धवट सांगितलं' असं म्हण. डिस्चार्ज मिळाला असेल तर त्यांच्यासाठी प्रार्थना कर. फाइलमधून नंबर काढून फोन करू नकोस.

आणि हो, हॉस्टेलच्या मेसमध्ये डबा चाटूनपुसून झाल्यावर रूममेटच्या नावाने बोटं मोडणाऱ्या पुष्कळ प्रार्थनाशील मुली मी बघितल्या आहेत. वॉर्डातली माया खोलीतही ने.

तिसरं पत्र

बाई, आमच्या सोसायटीत गणपती बसतो. वर्गणी द्यावी का, आरतीला उभं राहावं का, प्रसाद घ्यावा का? घरात आई म्हणते घे, काका म्हणतात घेतलास तर साक्ष बिघडते. दरवर्षी भांडण. नक्की काय करायचं?

एक तरुण, लालबाग

उत्तर

लालबागला राहून हा प्रश्न तुला दरवर्षी पडणारच! पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे अध्याय याच पेचावर आहेत, मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का नाही. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो म्हणतो, की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. तुझ्या घरातलं भांडण मला प्रसादापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

आम्ही आग्रीपाड्याला चाळीत वाढलो. वडील नगर जिल्ह्यातून गिरणीत आलेले. आमच्या एका खोलीतच दोन मतं होती. वडील मोदक घ्यायचे. म्हणायचे, शेजाऱ्याने प्रेमाने दिलंय, देवाने निर्माण केलेलं गूळखोबरं आहे, मी आभार मानून खातो. आईचं मन धजायचं नाही, ती घेत नसे. पण या गोष्टीवरून दोघांनी एकमेकांना कधी हिणवल्याचं आम्ही ऐकलं नाही. वर्गणी वडील द्यायचे, मंडळाच्या वह्यावाटपात आमच्या मजल्यावरच्या पोरांनाही वह्या मिळायच्या. आरतीला ते उभे राहत नसत. गॅलरीच्या टोकाला शांत उभे असत, रेडिओ बंद करून. कुणाला त्याचं वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. नाताळात आमची चांदणी टांगायला मंडळाचीच पोरं पत्र्यावर चढायची.

तू वडिलांसारखं करावंस की आईसारखं, ते तुझ्या विवेकाला विचार. मी स्वतः वडिलांच्या वाटेने गेले, पण आईची वाट कमी होती असं मला कधी वाटलं नाही. शेजारच्या काकी पहिल्या दिवशी ताट घेऊन दारात यायच्या. आई दोन्ही हात जोडून म्हणायची, 'काकी, मला चालत नाही, राग मानू नका.' काकी 'बरं बाई' म्हणून ताट वडिलांपुढे करायच्या. आमच्या मजल्याला पाणी पहाटे चारला यायचं, आणि गणपतीत काकींकडे गावाहून दहा-बारा पाहुणे असायचे. त्या दहा दिवसांत आई साडेतीनला उठून नळावर नंबर लावायची, आणि आमची कळशी बाजूला ठेवून आधी काकींचे दोन हंडे भरायची.